भंगारातल्या लाकडाचं धनुष्य

माझं पहिलं धनुष्य जुन्या पलंगाच्या लांब पट्टीतून झालं आणि २३ इंचांवर ओढताना त्याचे दोन तुकडे झाले. वरचा तुकडा डोक्यावरून मागे गेला, खालचा हातात राहिला. पट्टी अगदी देखणी होती, गाठ नाही की भेग नाही. तुटलेलं टोक उजेडात धरल्यावर घोटाळा कळला: लाकडाच्या रेषा पट्टीच्या लांबीला धरून नव्हत्याच, त्या पाठीकडून पोटाकडे तिरक्या उतरत होत्या. वर्षानुवर्षांच्या पॉलिशखाली ते झाकलं गेलं होतं. दुसरं धनुष्य केलं ते दाराच्या जुन्या चौकटीतून. त्यात खिळ्यांची तीन भोकं, एक गाठ आणि एका टोकाला वीतभर भेग. ते अजून चालतंय.

त्यामुळे आता जुनं लाकूड हातात आलं की त्यात दोष आहे का, हा प्रश्न मी सोडून दिलाय. दोष असणारच. तो धनुष्यात कुठे पडेल, एवढंच बघायचं.

आधी चार शब्द ठरवून घेऊ. धनुष्याची जी बाजू लक्ष्याकडे असते ती पाठ, जी आपल्याकडे असते ती पोट. मुठीच्या वरची आणि खालची, वाकणारी, ती भुजा. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. लाकूड साधारणपणे दाबापेक्षा ताण जास्त सोसतं, पण त्याचे तंतू अखंड असतील तरच. मापं मी इंच आणि सुतात देतोय. आठ सूत म्हणजे एक इंच, हे रंधा धरणाऱ्याला सांगायला नको.

काय उचलायचं, काय सोडायचं

दाराच्या आणि खिडकीच्या चौकटी, पलंगाच्या लांब पट्ट्या, लाकडी शिडीचे उभे दांडे, जमिनीच्या लाकडी फळ्या, मोडक्या टेबलाच्या खालच्या आडव्या पट्ट्या: सरळ, लांब आणि सावलीत राहिलेलं काहीही चालतं. प्लायवुड आणि दाबून केलेले बोर्ड बाजूला ठेवा. पाइनसारखं मऊ लाकूड पोटाकडून दबून बसतं, तेही पहिल्या धनुष्याला नको.

अ‍ॅश, हिकरी, एल्म, मेपल आणि ओक ही धनुष्यासाठी नावाजलेली लाकडं. धामण मिळाली (साप नव्हे, झाड) तर सोडू नका, तिची लवचीकता प्रसिद्ध आहे. सागवान मात्र दारालाच शोभतं. ते टिकाऊ असतं, पण अचानक बसणारा झटका त्याला फारसा सोसत नाही. त्याचं करायचंच असेल तर लांब, रुंद, कमी ताकदीचं करा आणि पाठीला बांबू लावा. जुन्या सामानाचं लाकूड कोणतं आहे हे पुष्कळदा कळतच नाही. त्याने अडत नाही, कारण पुढची परीक्षा नाव विचारत नाही.

त्याआधी दोन सावधगिरीच्या गोष्टी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंगवलेली पट्टी कोरडी घासू नका. ओली करून खरवडा आणि मास्क लावा. मालवाहू पॅलेटच्या फळ्या घेणार असाल तर त्यांवरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं लाकूड, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. एमबीवाल्या फळीला मी हात लावत नाही. डांबरट वासाचे रेल्वेचे जुने स्लीपरही नकोत, त्यांत क्रिओसोट हे विषारी डांबरी तेल मुरलेलं असतं.

काडी मोडून बघा

हे काम पाच मिनिटांचं आहे आणि नेमकं हेच सगळे टाळतात.

पट्टीच्या टोकाकडून, जिथला तुकडा तसाही जाणार आहे तिथून, पटाशीने पेन्सिलपेक्षा बारीक अशी वीतभर काडी फोडून काढा. करवतीने कापू नका, फोडा. फुटताना चीर कुठे जाते ते बघा, कारण लाकडाच्या तंतूंची खरी दिशा ती चीरच दाखवते. ती काठाला धरून गेली तर उत्तम. चार बोटांत एका बाजूने बाहेर पडली तर माझ्या पलंगाच्या पट्टीची आठवण काढा.

मग ती काडी दोन्ही हातांत धरून हळूहळू वाकवत मोडा. चांगलं लाकूड आधी कुरकुरतं, मग उसासारखं फाटतं. तुटलेल्या टोकांना लांब लांब कुसळं लोंबत राहतात आणि दोन तुकडे बऱ्याचदा सुटे होतच नाहीत. वाईट लाकूड न सांगता ‘टक्’ करून गाजरासारखं मोडतं आणि तुटलेला भाग सपाट, दाणेदार दिसतो. असं लाकूड आतून कुजायला लागलेलं असतं किंवा मुळातच ठिसूळ असतं. ते कितीही सरळ आणि सुंदर असलं तरी त्याची फोटोची चौकट करा. दोन्ही टोकांकडून काडी काढा. चौकटीचं खालचं टोक ओलीत राहून गेलेलं आणि वरचं ठणठणीत, असं मी पाहिलंय.

किडीसाठी फिकट रंगाच्या कडा आधी तपासा. भुंग्याच्या अळ्यांना लाकडाचा बाहेरचा, फिकट भाग आवडतो, कारण त्यात पिष्ट असतं. आतला गडद गाभा त्या सहसा सोडून देतात. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि आपटल्यावर सांडणारी पिठासारखी भुकटी दिसली तर तो भाग पूर्ण काढा. उरलेली रुंदी पुरत असेल तरच पुढे जा.

खिळ्यांसाठी पट्टीवरून लोहचुंबक फिरवा. पितळी स्क्रू त्याला सापडत नाहीत, तिथे डोळेच वापरा. ओकसारख्या लाकडात लोखंडी खिळ्याभोवती निळा-काळा डाग पडतो. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड यांची ती प्रक्रिया असते आणि डागाच्या आतलं लाकूड कमजोर झालेलं असतं. म्हणजे भोक दिसतं तेवढंच नसतं, डागाच्या कडेपर्यंत ते भोकच समजायचं.

दोषांचा नकाशा

आता पट्टीवरचं पॉलिश काढून चारही बाजू रंध्याने एकेक हात साफ करा आणि पेन्सिल घ्या. प्रत्येक भोक, गाठ, भेग आणि डाग यांभोवती वर्तुळ काढा. मग काठाच्या बाजूने एक रेषा पकडा आणि तिच्या मागे पेन्सिल फिरवत जा. ती भुजेच्या पूर्ण लांबीत, म्हणजे तीसेक इंचांत, पाठीतून बाहेर पडत नसेल तर छान. पंधरा-वीस इंचांत बाहेर पडत असेल तर पाठीला आधार द्यावा लागेल. दहा इंचांतच बाहेर पडली तर मी ती पट्टी घेत नाही. हा मी स्वतःपुरता घालून घेतलेला नियम आहे, पण तो दोन धनुष्यं मोडून आलेला आहे.

दोष कुठे चालतो? मुठीचा चार इंचांचा भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन इंच वाकत नाहीत, तिथे खिळ्याचं भोक खुशाल असू द्या. टोकाकडचे पाच-सहा इंचही फार थोडे वाकतात, तिथे छोटी गाठ खपते. भुजेचा मधला पट्टा मात्र सगळ्यात जास्त राबतो, तो शक्य तितका निर्मळ हवा. म्हणून मूठ पट्टीच्या बरोबर मध्यावर आखायची घाई करू नका. पट्टी धनुष्यापेक्षा सात-आठ इंचांनी लांब असेल तर पूर्ण आराखडा कागदावर कापून पट्टीवर मागेपुढे सरकवून बघा. माझ्या चौकटीत बिजागरीच्या जागेची दोन भोकं अशीच सरकवत मुठीत आणली. भेगेचं टोक कापलं गेलं आणि गाठ वरच्या टोकापासून चार इंचांवर गेली. राहिलं एक भोक, भुजेच्या मध्यात. त्याची गोष्ट पुढे येईल.

पाठ कोणती आणि पोट कोणतं, हेही दोषच ठरवतात. खिळा आरपार गेलेला नसेल तर ती बाजू पोटाकडे घ्या. याची दोन कारणं. दाबाखाली भोकात भरलेला भुसा-एपॉक्सीचा लगदा थोडाफार भार घेतो. ताणाखाली तो काहीच धरत नाही, कारण तुटलेले तंतू लगद्याने जोडले जात नाहीत. दुसरं म्हणजे पोट आपण तासत जाणार आहोत, त्यामुळे उथळ भोक कदाचित भुशाबरोबर निघूनच जाईल. काठावरचं भोक किंवा खोक मात्र मधल्या भोकापेक्षा वाईट, तडा काठावरूनच सुरू होतो. लाकडाच्या लांबीला समांतर भेग भुजेच्या आतच सुरू होऊन आतच संपत असेल तर तीत पातळ सुपरग्लू मुरवा आणि वरून दोरा गुंडाळा. काठातून बाहेर पडणारी भेग चालत नाही. आडवा तडा कितीही बारीक असो, त्या पट्टीचा नाद सोडा.

पट्टी लांबीत बाक घेतलेली असेल तर खोलगट बाजू पाठीकडे ठेवा, म्हणजे टोकं लक्ष्याकडे झुकलेली राहतात आणि धनुष्याला थोडा फुकटचा जोर मिळतो. पण रेषा दुसऱ्या बाजूने चांगल्या असतील तर रेषांचं ऐका. बाक नंतर काढता येतो, तंतू बदलता येत नाहीत.

मापं

आपली ओढ, म्हणजे बाण सोडण्याआधी दोरी मुठीपासून किती इंच मागे येते, हे आधी काढा. दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजा आणि त्याला अडीचने भागा. ६५ इंच आले तर ओढ २६ इंच. धनुष्याची लांबी म्हणजे ओढीची दुप्पट, अधिक त्या दुपटीचे दहा टक्के, अधिक मुठीचा न वाकणारा आठ इंचांचा भाग. इथे ते ६५ इंच होतात. जुन्या लाकडासाठी मी त्यात आणखी चार इंच घालतो. लांब धनुष्यात प्रत्येक इंचाला कमी वाकावं लागतं आणि भंगारातल्या लाकडाला ही सवलत द्यायलाच हवी. ताकद, म्हणजे पूर्ण ओढीला दोरीवर लागणारा जोर, ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलोच्या वर ठरवू नका.

भुजेची रुंदी मुठीजवळ पावणेदोन ते दोन इंच. ती अर्ध्या भुजेपर्यंत तशीच ठेवा आणि मग सरळ रेषेत निमुळती करत टोकाला अर्ध्या इंचावर आणा. जाडी सुरुवातीला मुठीजवळ पाच सूत, टोकाला चार सूत. शेवटी हे आकडे साधारण चार आणि तीन सुतांच्या आसपास उतरतात, पण ते लाकूड ठरवेल.

रुंदी आणि जाडी यांतला फरक एकदा डोक्यात बसला की पुढचं अर्धं काम सोपं होतं. रुंदी दहा टक्के कमी केली तर भुजेचा ताठपणा दहा टक्क्यांनी उतरतो. जाडी दहा टक्के कमी केली तर तो सत्तावीस टक्क्यांनी उतरतो, कारण जाडीचा हिशोब घनात चालतो. म्हणून रुंदी करवतीने बिनधास्त कापा. जाडीला हात लावताना मात्र श्वास धरून. दोषी जागेला भरपाई द्यायची तीही रुंदीतूनच. मधल्या भोकाशेजारी मी दोन्ही काठांना सूत-सूत जास्त लाकूड ठेवलं आणि ते पुढे-मागे तीन इंचांत हळूहळू मूळ रेषेत मिसळलं. भुजेवर तो फुगवटा गिळलेल्या घासासारखा दिसतो. दिसू दे.

पट्टी पाऊण इंचाचीच असेल तर मूठ हाताला पातळ लागते आणि वाकून तडकते. तिथे पोटाच्या बाजूने आठ इंच लांब, इंचभर जाड ठोकळा चिकटवा आणि त्याची टोकं दोन-दोन इंचांत उतरती करून पट्टीत विरवून टाका. उतार एकदम तोडला तर ठोकळा पहिल्याच ओढीत उखडतो.

लांब पट्टी नाहीच मिळाली, तर दोन आखूड तुकडे मुठीत जोडता येतात. एकाच फळीतले शेजारचे तुकडे घ्या, म्हणजे दोन्ही भुजांचा स्वभाव सारखा राहील. आपल्या ६९ इंची धनुष्याला प्रत्येकी साडेछत्तीस इंच लागतील; टोकं चार इंचांत एकमेकांत शिरतील अशी कापायची, एकाला माशाच्या शेपटीसारखी खाच आणि दुसऱ्याला तिच्यात बसणारी पाचर. एपॉक्सी लावून, दोन्ही भुजा एका रेषेत आहेत हे ताणलेल्या दोऱ्याने तपासून क्लॅम्प करा. जोड पूर्ण मुठीतच राहिला पाहिजे, वर दोऱ्याचं घट्ट वेटोळं.

पाठीला आधार

सरळ रेषेच्या, अखंड पाठीला आधाराची गरज नसते. पण फळी म्हणजे कापलेलं लाकूड आणि भंगारातली फळी म्हणजे कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी कापलेलं लाकूड. मी जवळजवळ नेहमीच आधार देतो.

सोपा मार्ग लिननच्या कापडाचा. जुनी लिननची पँट चालते. पाठ खरखरीत सँडपेपरने घासा, अ‍ॅसिटोनने पुसा. जुन्या पॉलिशचा किंवा तेलाचा अंश राहिला तर गोंद धरतच नाही. सुताराचा पांढरा गोंद पाठीवर पसरा, कापडाची पट्टीही गोंदात भिजवा, मुठीपासून टोकाकडे ताणत बसवा आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने हवा बाहेर काढा. पूर्ण एक दिवस वाळू द्या. कापड धनुष्याला ताकद देत नाही. ते फक्त कुसळ उठू पाहत असेल तर त्याला दाबून धरतं. उताराच्या रेषा पंधरा इंचांत बाहेर पडत असतील तर कापडावर भिस्त ठेवू नका.

तिथे बांबू हवा. जाड बांबू उभा चिरून भुजेच्या रुंदीची पट्टी काढा आणि आतली बाजू रंध्याने सपाट करत मध्ये एक सूत जाडी राखा, टोकांकडे त्याहून कमी. बाहेरची चकचकीत बाजू पाठ होणार, तिला हत्यार लावायचं नाही. पेरांच्या गाठीसुद्धा उंचच राहू द्या, तंतू तिथूनच जातात. सपाट बाजू लाकडाला चिकटवा. दर दोन इंचांवर क्लॅम्प, किंवा सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या तरी चालतं. दुबळ्या लाकडाला बांबू पाठीशी मिळाला की त्याचं अर्धं ओझं उतरतं. मात्र बांबू ताणाखाली इतका चिवट असतो की आता मार पोटाला बसतो. पोट मऊ लाकडाचं असेल तर बांबू आणखी पातळ करा.

वाक जुळवणे

इथे धनुष्य होतं किंवा मोडतं. टिलरिंग म्हणतात ते हेच: दोन्ही भुजा सारख्या आणि आपापल्या पूर्ण लांबीत एकसंध वाकेपर्यंत पोटाकडून लाकूड काढत राहायचं. पाठीला हात लावायचा नाही. फक्त तिचे काठ आधीच नाण्याच्या कडेएवढे गोल करून ठेवा, धारदार काठावरच पहिलं कुसळ उठतं.

सुरुवात जमिनीवर. एक टोक जमिनीला टेकवा, मूठ धरून अंग टाका आणि भुजा कुठे वाकते ते डोळ्यांनी नाही, हातांनी ओळखा. मोठी कानस आणि रंधा इथपर्यंतच. दोन्ही भुजा साधारण सारख्या लवल्या की दोरी अडकवायच्या खाचा पाडा: टोकापासून पाऊण इंचावर, दोन्ही काठांना, ४५ अंशांत तिरक्या, बारीक गोल कानशीने. खाच पाठीवर आडवी नेऊ नका.

मग धनुष्यापेक्षा थोडी लांब, सैल बसणारी दोरी लावा. भिंतीला एक लाकडी ठोकळा पक्का करून त्यावर मूठ ठेवा, दोरी खाली कप्पीतून फिरवून आपल्याकडे घ्या आणि मध्ये सामान तोलायचा काटा अडकवा. यामुळे तुम्ही दहा फूट दूर, बाजूला उभे राहून भुजा बघत ओढू शकता. चष्मा लावा. जुन्या लाकडाचा तुकडा कुठल्या दिशेने जाईल याची हमी नसते. हे मी डोक्यावरून गेलेल्या तुकड्याच्या अनुभवाने सांगतोय.

नियम एकच आणि तो मोडायचा नाही: काट्यावर ठरलेल्या ताकदीच्या वर कधीही ओढायचं नाही, आणि कुठे कोन दिसला तर त्याच्या पुढे एक इंचही नाही. ३५ पौंड ठरवलेत आणि १४ इंचांवरच काटा ३५ ला पोचला, तर थांबा, उतरवा, खरवडा. पुन्हा लावा, तीसेक वेळा सावकाश ओढा आणि मगच बघा. लाकडाला नवा वाक अंगवळणी पडायला तेवढ्या ओढी लागतात. लगेच बघितलं तर भुजा खोटं सांगते.

डोळ्यांना दोन इंचांचा सपाट, न वाकणारा पट्टा पटकन दिसत नाही. त्यासाठी सहा इंचांचा सरळ ठोकळा घ्या, मध्ये भोक पाडून पेन्सिलीचा तुकडा घट्ट बसवा. दोरी चढवलेल्या धनुष्याच्या पोटावर ठोकळा ठेवून सगळ्यात जास्त वाकलेली जागा शोधा आणि पेन्सिल तिथे जेमतेम टेकणार नाही इतकी बाहेर काढा. आता ठोकळा पूर्ण भुजेवर फिरवा. जिथे खूण उमटली तिथे लाकूड ताठ आहे, तिथेच खरवडा. जिथे उमटली नाही तिथे हात लावू नका.

हे शेवटचं वाक्य वाचायला सोपं आहे. भोकाची गोष्ट सांगतो. १८ इंचांवर ओढताना माझ्या खालच्या भुजेला त्या तिसऱ्या भोकापाशी कोपर फुटू लागलं. सूत-सूत जास्त लाकूड पुरेसं नव्हतं. कारण भोक जेवढी रुंदी खातं तेवढंच नुकसान करत नाही, त्याच्या कडांशी ताण एकवटतो. हात आपोआप कोपराकडेच गेला, तिथेच काहीतरी करावंसं वाटलं. पण कमजोर जागा खरवडून ताठ होत नाही. तिला वाचवायचं तर उरलेल्या सगळ्या भुजेला तिच्या पातळीवर आणावं लागतं, आणि मग दुसऱ्या भुजेला पहिलीच्या. तसं केलं. जुन्या हॅकसॉ ब्लेडच्या पाठीने, कागदासारखे पापुद्रे काढत दोन संध्याकाळी गेल्या. ३५ पौंडांचं होणारं धनुष्य २८ पौंडांवर आलं, पण कोपर गेलं.

सैल दोरीवर टोकं पाच-सहा इंच सारखी वाकली की खरी, आखूड दोरी चढवा. आधी मुठीपासून तीन इंच उंच, मग काही दिवसांत पाच-साडेपाच. प्रत्येक टप्प्याला ओढ दोन-दोन इंचांनी वाढवा. बोटांनी ओढणाऱ्याने खालची भुजा किंचित ताठ ठेवावी. मुठीजवळ दोरीपासूनचं अंतर खालच्या बाजूला सूतभर कमी असलं की झालं. पूर्ण ओढीच्या दोन इंच आधीच टिलरिंग थांबवा. सँडपेपर आणि पहिले शंभर बाण उरलेलं काम करतात.

आवाजांकडे लक्ष द्या. बारीक ‘टिक्’ आला तर तिथेच थांबून पाठीवरून कापूस फिरवा. कुसळ उठलं असेल तर कापूस अडकतो. त्यात सुपरग्लू मुरवून दोरा गुंडाळा. पोटावर आडव्या, केसासारख्या सुरकुत्या दिसल्या तर लाकूड दाबाखाली हरलंय. त्या जागेला आराम द्या, म्हणजे बाकी सगळीकडून काढा आणि ताकद उतरवा.

आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं १.८२ मीटर लांब धनुष्य होतं, पण अर्धवट. त्यावर हत्याराच्या खुणा अजून दिसतात. टिलरिंगच्या तिसऱ्या आठवड्यात मला त्याचं फार जवळचं वाटतं.

शेवटचा हात

दोरीला पॉलिएस्टरचा डॅक्रॉन धागा घ्या, बारा-चौदा पेडांचा. तो किंचित ताणला जातो, त्यामुळे बाण सुटल्यावर टोकांना बसणारा झटका मऊ होतो. न ताणणारे आधुनिक धागे जुन्या लाकडाला नकोत. मूठ कातड्याने किंवा सुतळीने गुंडाळा. सगळं बारीक सँडपेपरने घासून जवसाच्या तेलाचे चार-पाच पातळ हात द्या, मध्ये एकेक दिवस सोडून. तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात, पसरून वाळवा.

बाण हलका नको. धनुष्याच्या प्रत्येक पौंडाला निदान दहा ग्रेन वजन धरा. २८ पौंडांना २८० ग्रेन, म्हणजे सुमारे १८ ग्रॅम. हलक्या बाणाने न गेलेला जोर धनुष्याच्याच अंगात परत येतो. बाण न लावता दोरी सोडणं तर त्याहून वाईट, आणि बघायला आलेला प्रत्येक जण नेमकं तेच करू बघतो. हातात देण्याआधी सांगा.

वापर झाला की दोरी उतरवा. धनुष्य सरळ भिंतीला धरून बघा. दोरीच्या दिशेने इंचभर बाक राहिला तर ते नेहमीचंच. दोन इंचांवर गेला तर कुठेतरी पोट जास्त राबतंय, ठोकळा-पेन्सिल पुन्हा काढा. आडवं, दोन खुंट्यांवर ठेवा, कोपऱ्यात एका टोकावर उभं नको. माझं दाराच्या चौकटीचं धनुष्य तसंच टांगलेलं असतं. दर वेळी दोरी चढवण्याआधी मी त्या तिसऱ्या भोकावरून अंगठा फिरवतो. लगदा अजून सपाट आहे, कडेला केसभरही चीर नाही.